इगतपुरीचे दोन विद्युतदाब

कसाऱ्याहून थळ घाट चढून आलेली मुंबईची रेल्वे नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला पोहोचते. हा घाटमार्ग १८६५ च्या जानेवारीत खुला झाला. घाटातला चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलेली गाडी १ मीटर वर चढते. वाफेच्या इंजिनांची इथे साठ-पासष्ट वर्षे दमछाक झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली आणि १९३० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तीच १५०० व्होल्टची एकदिश वीज कल्याणहून घाट चढवून इगतपुरीपर्यंत आणली. वीज तिथेच थांबली. पुढची पाऊणशे वर्षे इगतपुरीच्या यार्डात जे घडले, त्याच्या मुळाशी विद्युतधारा, दाब आणि रोध यांचे शाळेत शिकवले जाणारे गणित आहे.

रोध म्हणजे दाब भागिले धारा, हा नियम गेओर्ग ओम याने १८२७ मध्ये मांडला. शक्ती म्हणजे दाब गुणिले धारा. वाहकात उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते, हे १८४१ मध्ये ज्यूलने प्रयोगांनी दाखवले. घाटात तिन्ही नियम एकाच वेळी लागू होतात.

५०० टनांची गाडी ताशी २५ किलोमीटर वेगाने हा चढ चढत असेल, तर केवळ चढावर मात करायला सुमारे ९२० किलोवॅट लागतात, घर्षण वेगळे. १५०० ने भागले की ६१० अँपियरच्या वर धारा येते. घाटासाठी आणलेले मालगाडीचे इंजिन, डब्ल्यूसीजी-१, सुमारे २,६०० अश्वशक्तीचे होते. त्याच्या विचित्र आवाजामुळे लोक त्याला ‘खेकडा’ म्हणत. एक अश्वशक्ती ७४६ वॅट धरली, तर ते पूर्ण जोरात असताना मोटारींमधला तोटा न मोजताही तारेतून सुमारे १,२९० अँपियर ओढत असे.

१५०० ला १,२९० ने भागले, तर इंजिनाचा रोध १.१६ ओम येतो. हा आकडा मात्र फसवा आहे. फिरणारी मोटार स्वतःच उलटा दाब निर्माण करते, आणि बाहेरचा बहुतेक दाब त्याच्याशी झुंजण्यात जातो. वेटोळ्याचा खरा रोध ओमच्या छोट्या अंशाइतकाच असतो. गाडी उभी असताना उलटा दाब शून्य असतो. तेव्हा पूर्ण १५०० व्होल्ट दिले तर मोटार जळून जाईल. म्हणून सुरुवातीला मोटारी एकसरीत जोडून त्यांच्यापुढे जादा रोध ठेवत आणि ड्रायव्हर नियंत्रकाचा एकेक टप्पा, म्हणजे नॉच, घेत तो कमी करत जाई. रोधात शक्तीची निव्वळ उष्णता होते, त्यामुळे चढावर त्या नॉचवर फार वेळ रेंगाळणे परवडत नसे.

वेटोळ्याचा तो सूक्ष्म रोध मोजणे हे आजही दुरुस्तीतले नित्याचे काम आहे. नाशिकरोडला मध्य रेल्वेचे ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप आहे. इंजिनांच्या मोटारी तिथे दुरुस्तीला येतात. अशा मोजणीत साधा मल्टिमीटर उपयोगाचा नाही, कारण त्याच्या वायरींचा रोधच वेटोळ्यापेक्षा जास्त भरतो. त्यामुळे दोन वायरींमधून ठरावीक धारा सोडतात आणि वेगळ्या दोन वायरींनी वेटोळ्याच्या टोकांवरचा दाब वाचतात. १० अँपियरला ०.१२ व्होल्ट आले, तर रोध ०.०१२ ओम. आकडा जास्त आला तर एखादा सांधा सैल असल्याचा संशय येतो, कमी आला तर वेढे आपसांत चिकटल्याचा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणून तापमान न नोंदवता घेतलेले माप कुचकामी ठरते.

आता तारेकडे. उपकेंद्रापासून इंजिनापर्यंतची तार आणि परतीचे रूळ मिळून ०.१ ओम रोध धरू. १,३०० अँपियरला १३० व्होल्टची घट होते आणि १६९ किलोवॅट वाटेतच जातात. त्याच तारेवर अशी दोन इंजिने आली की धारा दुप्पट, पण तोटा चौपट: ६७६ किलोवॅट. म्हणूनच १५०० व्होल्टच्या मार्गाला जाड तांबे आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे लागली. तरीही १९२० च्या दशकातली ती निवड चुकीची म्हणता येणार नाही. एकदिश मोटार चढावर उत्तम ओढते, आणि प्रत्यावर्ती वीज इंजिनातच एकदिश करणारी सुटसुटीत साधने तेव्हा नव्हती.

ती साधने आल्यावर, फ्रान्समधला अनुभव पाहून, १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज स्वीकारली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती इगतपुरीच्या पूर्वेला, मनमाडच्या दिशेने आली. तिच्यावर एका इंजिनाची तेवढीच शक्ती सुमारे ७८ अँपियरमध्ये मिळते. रोध तोच ०.१ ओम धरला, तर तोटा जेमतेम ६०० वॅट, म्हणजे २७८ पट कमी. प्रत्यक्षात तार बारीक घेतात आणि प्रत्यावर्ती धारेत दाब आणि धारा यांचा ताल किती जुळतो, म्हणजे पॉवर फॅक्टर, हेही हिशेबात घ्यावे लागते, त्यामुळे फरक इतका टोकाचा राहत नाही. पण उपकेंद्रांमधले अंतर चाळीस-पन्नास किलोमीटरपर्यंत वाढवता आले.

अशा रीतीने इगतपुरीला दोन दाब समोरासमोर आले. मुंबईकडचे इंजिन पुढे जाऊ शकत नव्हते, मनमाडकडचे घाट उतरू शकत नव्हते. गाडी थांबवून इंजिन बदलावे लागे. दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ इंजिने १९९७ पासून आली आणि हा खोळंबा कमी झाला. त्यांची ताकदही दाबाप्रमाणे बदलत असे: १५०० व्होल्टवर ४,६०० अश्वशक्ती, २५,००० वर ५,०००.

२००६ मध्ये घाटमार्गावर २५,००० व्होल्ट आले आणि दोन दाबांची सीमा मुंबईच्या दिशेने सरकली. २०१५ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंतचा मुख्य मार्गही बदलला. चढ आणि त्याला लागणारे किलोवॅट मात्र दाबावर अवलंबून नसतात. म्हणून दाब बदलल्यानंतरही कसाऱ्याला गाडी मागून रेटणारी बँकर इंजिने जोडावी लागली.