निळं ब्लँकेट



रात्रीच्या गाडीत तुम्हाला झोप लागते का हो? मला नाही लागत. एक हात पर्सवर, एक डोळा चपलांवर, आणि आपलं स्टेशन निघून तर नाही ना गेलं ही धाकधूक. पण अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी अशा गाड्या होत्या, की माणसं शांत झोपेसाठीच जास्तीचे पैसे मोजत. आजची गोष्ट त्या गाड्यांची. खरं म्हणजे, त्या गाड्यांत जे जागे राहायचे त्यांची, आणि त्यांच्या घरच्या बायकांची.

जॉर्ज पुलमन नावाच्या उद्योजकाने १८६७ साली कंपनी काढली. दिवसा समोरासमोर बसायची बाकं, रात्री त्यांचेच पलंग, वरचा पलंग छताजवळून खाली ओढायचा. पांढऱ्याशुभ्र चादरी, जाड पडदे, पायाखाली गालिचा. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या आणि परतल्यावर त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. तोवर हे डबे तिथे चांगले रुळले होते. पुढे १९०२ साली न्यूयॉर्क ते शिकागो अशी ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ सुरू झाली. वीस तासांचा प्रवास, आणि प्रवाशांसाठी फलाटावर लाल पायघड्या. आत न्हावी होता, पत्रं टंकून देणारा सेक्रेटरी होता, बायकांच्या तैनातीला मेड होती.

हे सगळं करणारे हात कोणाचे? पुलमनची कंपनी निघाली त्याच्या दोनच वर्षं आधी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली होती. हजारो कृष्णवर्णीय माणसं मोकळी झाली, पण काम कुठे मिळणार? पुलमनने त्यांना पोर्टर म्हणून घेतलं. पोर्टर म्हणजे आपल्याकडचा हमाल नव्हे. पलंग घालणं-काढणं, सामान ठेवणं, आजारी माणसाकडे बघणं, रात्री घंटा वाजली की धावणं, असा डब्याचा सगळा कारभार त्याच्याकडे. रात्री प्रवाशांचे बूट गोळा करून पॉलिश करायचे. ते पॉलिशही स्वतःच्या पैशाने आणायचं! टॉवेल हरवला तर पगारातून कापून जायचा. आणि प्रवासी त्यांना हाक मारायचे ‘जॉर्ज’. सगळ्यांनाच जॉर्ज, कारण मालकाचं नाव जॉर्ज. गुलामांना मालकाच्या नावाने ओळखायची ती जुनीच रीत.

१९२५च्या सुमाराला पगार महिन्याला साधारण साडेसदुसष्ट डॉलर. त्यासाठी महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरावे लागत. गाडी सुटायच्या आधी डबा तयार करण्यात जे तास जात, ते धरतच नसत. घर चालायचं ते बक्षिशीवर, म्हणजे हसतमुख राहण्यावर. झोप तीन-चार तास, तीही धूम्रपानाच्या खोलीतल्या बाकावर. त्यांचं ब्लँकेट निळं असायचं. पोर्टरने पांघरलेलं चुकूनही प्रवाशाच्या अंगावर जाऊ नये, म्हणून रंगच वेगळा. आपल्याकडे वेगळी कपबशी ठेवायची घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मेड तर फारच थोड्या, साधारण दोनशे. बायकांचे केस करायचे, नखं कापून रंगवायची, मुलं सांभाळायची. फ्रान्सिस अल्ब्रियर नर्सिंग शिकलेल्या होत्या, पण काळ्या नर्सला काम मिळेना, म्हणून त्या पुलमनमध्ये मेड झाल्या.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पोर्टरांनी संघटना काढली. नेता निवडला ए. फिलिप रँडॉल्फ, तो स्वतः पोर्टर नव्हता. ते मुद्दामच, कारण मग कंपनी त्याला कामावरून काढणार कशी? पण रँडॉल्फचं घर चालवत कोण होतं? त्याची बायको ल्युसिल. तिचं हार्लेममध्ये केशभूषेचं दुकान होतं, चांगलं चालणारं. त्या कमाईवर घर चालायचं आणि चळवळीलाही हातभार लागायचा. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. मला ती ओळ फार मोठी वाटते.

कंपनीने गाड्यांमध्ये हेर पेरले. संघटनेत नाव आहे असा नुसता संशय आला तरी नोकरी जायची. पोर्टर आठवडाच्या आठवडा फिरतीवर, उघड बैठक घ्यायची सोय नाही. मग हे काम बायकांनी उचललं. वॉशिंग्टनच्या रोझिना टकर यांचे पती पोर्टर होते. रोझिनाबाई संगीत शिकवायच्या. त्या तीनशेच्या आसपास पोर्टरांच्या घरी गेल्या. पत्रकं पोचवायची, वर्गणी घ्यायची, समजावून सांगायचं. कंपनीला वाटायचं, बायका एकमेकींकडे जातात त्या गप्पा मारायला! शेवटी कळलंच, आणि त्यांच्या पतीला कामावरून काढलं. रोझिनाबाई थेट साहेबाच्या कचेरीत गेल्या, टेबलावर हात आपटला आणि बजावलं, की मी जे करते त्याचा माझ्या नवऱ्याच्या नोकरीशी काही संबंध नाही. नोकरी परत मिळाली. त्या काळी एका काळ्या बाईने गोऱ्या साहेबासमोर टेबल वाजवायचं म्हणजे काय, याचा जरा विचार करा.

गावोगावी बायकांनी मंडळं काढली, जेवणं आणि नाच ठेवून पैसे जमवले. मध्येच जागतिक मंदी आली, सभासद गळाले. तरी बारा वर्षं नेट धरला. २५ ऑगस्ट १९३७ला, बरोबर त्याच तारखेला, कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे ४०० तास उतरून २४० झाले, पगार वाढले. एवढ्या मोठ्या अमेरिकन कंपनीने कृष्णवर्णीयांच्या संघटनेशी करार करण्याची ही पहिलीच वेळ.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती सांगतेच. सुरुवातीला संघटनेच्या नावात ‘पोर्टर्स अँड मेड्स’ असे दोन्ही शब्द होते. १९२९मध्ये मोठ्या कामगार महासंघात जाताना ‘मेड्स’ गळला, तो गळलाच. बायकांसाठी पुढे वेगळं महिला मंडळ झालं. हलीना विल्सन त्याच्या अध्यक्ष, रोझिनाबाई चिटणीस-खजिनदार.

१९५५ साली माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला धावले ते ई. डी. निक्सन पुलमनचे पोर्टर होते. १९६३च्या वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्चाचे प्रमुख पुन्हा रँडॉल्फच. पुलमन कंपनीने झोपायचे डबे चालवणं १९६८च्या अखेरीस बंद केलं, लोक विमानाने आणि मोटारीने जाऊ लागले होते.

रोझिनाबाई १९८७पर्यंत होत्या, एकशे पाच वर्षं जगल्या. पोर्टरांवर १९८२ साली एक माहितीपट निघाला, त्याचं निवेदन त्यांनीच केलं. तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती.