लेथचा चक आणि कारखाना कायदा : एक टिपण

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने यंत्रांच्या धोकादायक भागांभोवती संरक्षण सक्तीचे केले. परंतु शंभरांहून कमी कामगारांचे कारखाने त्यातून सुटले. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, तर लेथनिर्मिती करणारी म्हैसूर किर्लोस्कर १९४१ मध्ये हरिहरला स्थापन झाली. १९४८ च्या कायद्यातील कलम २१ ने हेडस्टॉकबाहेर येणाऱ्या सळईचा नावानिशी उल्लेख केला, चकचा नाही. तो इतर धोकादायक भागांत मोघमपणे सामावला. वस्तुतः घातक ठरते ती चकमध्येच विसरलेली चावी. लेथ सुरू होताच ती भिरकावली जाते. जॉ क्रमांकाप्रमाणे खाचेत न बसविल्यास जॉब मध्यावर धरला जात नाही. कीस साचल्यास पकडही बिघडते. विजेवर चालणाऱ्या, दहांहून कमी कामगारांच्या वर्कशॉपला तर हा कायदाही सामान्यतः लागू नव्हता. तेथे चावीवरून हात काढण्यापूर्वी चावीच काढण्याची सवय उस्तादाने लावायची असे.