सभेचा कर्णा आणि घरचा कर्णा

पुण्याहून पौडमार्गे निघाले म्हणजे मुळशीचा जलाशय बराच वेळ वाटसराची सोबत करतो, आणि तो संपता संपता ताम्हिणी येते. तेथून रस्ता घाटाने कोकणात उतरतो. पाणी उतरते ते वेगळ्या वाटेने. डोंगराच्या पोटातून आणि लोखंडी नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्यास जाते, तेथील चक्रे फिरविते आणि मग कुंडलिकेच्या पात्राने अरबी समुद्रास मिळते. मुळा नदीचे हे पाणी. निसर्गक्रमाने ते पुण्याकडे, भीमेकडे आणि अखेरीस पूर्वसमुद्राकडे जावयाचे. माणसाने त्याची दिशा फिरविली ती विजेसाठी. घरी बसून चांगले गाणे ऐकावयाचे तर व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक आणि कर्णा कसा निवडावा, हा आजचा विषय. ताम्हिणीशी त्याचा काय संबंध, असे श्रोत्यांना वाटेल. तो संबंध वॉट या चिमुकल्या मापाचा आहे, आणि ते माप आपण फार निष्काळजीपणाने वापरीत आलो आहोत असे माझे म्हणणे आहे.

मुळशीच्या धरणाचा इतिहास या व्यासपीठावर सविस्तर सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले, आणि तिसरे टाटांनी भिऱ्यास उभारावयाचे ठरविले. त्यासाठी मावळ्यांची आंबेमोहोर पिकविणारी भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लढा हरला, गावे बुडाली, आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज वाहू लागली.

त्याच १९२७ सालच्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याचे प्रक्षेपण यंत्र दीड किलोवॉटचे होते. दोन घटनांचा एकमेकींशी करार नव्हता. परंतु एकीने शहराच्या भिंतीत वीज आणून ठेवली आणि दुसरीने त्या विजेवर ऐकण्यासारखे काही दिले. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडले, आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्यास स्वतःचे केंद्र मिळाले.

या साऱ्याच्या मुळाशी काचेची एक नळी आहे. १९०४ मध्ये इंग्लंडात फ्लेमिंगने निर्वात नळीत दोन विद्युदग्रे बसविली. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यांच्यामध्ये तारेची एक जाळी घातली. तापलेल्या अग्रापासून निघालेला विद्युत्कणांचा ओघ समोरच्या पत्र्याकडे धावत असतो, आणि या जाळीवरील दाब किंचित बदलला की तो सारा ओघ कमीजास्त होतो. कालव्याच्या दारावर बसलेल्या पाटकऱ्याने बोटाने दार हलवावे आणि शेकडो एकरांचे पाणी वरखाली व्हावे, तसा हा प्रकार. सुईच्या टोकाशी निर्माण झालेला दुबळा स्पंद येथे बलवान होतो. पण व्हॉल्व्हमधून निघणारा प्रवाह थोडा आणि दाब शेकडो व्होल्टचा असतो. कर्ण्याला उलट हवे असते, म्हणजे दाब थोडा आणि प्रवाह भरपूर. म्हणून दोहोंच्या मध्ये रोहित्र लागते. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकातील सर्वांत महाग आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हे रोहित्रच होय. दुकानात काचेच्या नळ्यांच्या मंद तांबूस उजेडाकडे पाहून भुलणारे गिऱ्हाईक मागच्या त्या काळ्या लोखंडी ठोकळ्याकडे पाहत नाही. ज्याला यंत्रातील काही कळत नाही त्याने निदान यंत्र उचलून पाहावे. वजनदार असेल तर पुढची चौकशी करावी.

कर्ण्याचाही जन्म याच सुमाराचा. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग या अमेरिकन संशोधकांनी चुंबकात हलणारी गुंडाळी कागदी शंकूस जोडून जो कर्णा केला, त्याचेच वंशज आजही आपल्या घरांत आहेत. पूर्वी ग्रामोफोनचा पितळी भोंगा दिसे, त्यामुळे ‘कर्णा’ हा शब्द मराठीत रुळला. भोंगा जाऊन पेटी आली तरी शब्द राहिला, आणि मीही तोच वापरीत आहे.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्रात ध्वनिवर्धक लोकांच्या नजरेस भरला तो सभेत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा वक्त्याजवळ छातीखेरीज दुसरे साधन नव्हते. टिळकांनी आपली सगळी व्याख्याने घशाच्या बळावर केली, आणि रंगभूमीवरचे गवई कनातीच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची तालीम करीत. मग राष्ट्रीय चळवळीच्या सभा लाखांच्या झाल्या आणि मुंबईची ‘शिकागो रेडिओ’ ही पेढी काँग्रेसच्या सभांतून कर्णे लावू लागली. व्यासपीठावरील जुन्या छायाचित्रांत गांधीजींच्या किंवा नेहरूंच्या पुढ्यात या पेढीचे नाव मिरविणारा ध्वनिग्राहक दिसतो. तिचे चालक नानिक मोटवाने यांना १९४२ मध्ये उषा मेहतांच्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात अटकही झाली. म्हणजे व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक आपल्याकडे स्वातंत्र्याचा सोबती म्हणून आला, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावयास हवे.

पण सभेचे गणित निराळे. तेथे मैदान असते, भिंती नसतात. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे तितकाच ऐकू येण्यास चौपट शक्ती लागते. तेथे वॉटची संख्या हाच मोठेपणा. शब्द कळला म्हणजे झाले. स्वराचा पोत मागून येतो. हे सभेचे माप लग्नमंडपात गेले, गणेशोत्सवात गेले, आणि आज मिरवणुकीतल्या कर्ण्यांच्या भिंतींपर्यंत येऊन ठेपले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा लावण्यास मनाई केली. त्या मर्यादेचे काय होते ते अनंतचतुर्दशीस कानात बोटे घालून फिरणारा प्रत्येक पुणेकर जाणतो. मला खेद त्याहून लहानशा गोष्टीचा आहे. हेच माप आपण घरात आणले. गाण्याचा शौकीन गृहस्थही दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती वॉटचा?’ हा.

घरात वॉट किती लागतात? रेडिओच्या जुन्या संचात शेवटचा एकच व्हॉल्व्ह असे, तो तीनचार वॉट देई, आणि दिवाणखानाच काय, गॅलरीत उभे राहिलेले शेजारीही कार्यक्रम ऐकत. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात विल्यमसनने ज्या ध्वनिवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि ज्याने घरगुती श्रवणाचे युग पालटले, तो अवघा १५ वॉटचा होता. ईएल ८४ या छोट्या व्हॉल्व्हची जोडी दहापासून पंधरा वॉट देते, ईएल ३४ ची जोडी वीस ते पस्तीस. ३०० बी हा त्रिअग्री व्हॉल्व्ह एकटा वापरला तर आठ वॉटच्या आसपास देतो. तो मुळात सिनेमागृहांच्या यंत्रांसाठी घडविलेला, आणि त्या आठ वॉटांवर मोठाली थिएटरे चालत.

ती चालत याचे रहस्य कर्ण्यात होते. प्रत्येक कर्ण्याची एक ग्रहणशक्ती असते: एक वॉट दिला असता एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो, हे त्याच्या माहितीपत्रकात छापलेले असते. हा आकडा ८६ असेल आणि दुसऱ्या कर्ण्याचा ९६ असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दुसऱ्याच्या दसपट शक्ती लागेल. ८६ च्या कर्ण्यावर शंभर वॉट खर्चून जे मिळते ते ९६ च्या कर्ण्यावर दहा वॉटांत मिळते. तेव्हा आधी कर्णा निवडावा आणि मग त्याला शोभेल असा ध्वनिवर्धक. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते. व्हॉल्व्हवाल्याने ९० च्या खालचा कर्णा घेऊ नये, आणि एकेरी ३०० बी घेणाऱ्याने ९४-९५ च्या खाली पाहू नये. कर्ण्याचा विद्युत्‌रोध आठ ओहम लिहिलेला असला तरी तो स्वरागणिक बदलतो. काही कर्ण्यांत तो तीन ओहमपर्यंत खाली येतो आणि तेथे व्हॉल्व्ह हात टेकतो. ध्वनिवर्धकाच्या मागे ४, ८, १६ अशी टोके असतात, ती सगळी लावून पाहावी आणि कानाला जे पटेल ते ठेवावे.

येथे ताम्हिणीच्या पाण्याकडे पुन्हा वळतो. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली पडले तर यंत्रांतील घट वजा जाता साधारण एक युनिट वीज होते. व्हॉल्व्हचा घरगुती ध्वनिवर्धक, दोन्ही बाजू मिळून, सुमारे शंभर वॉट खातो. गाणे चालू असो वा नसो, नळ्या तापत ठेवणे हाच त्याचा मुख्य खर्च. म्हणजे तासाभराच्या बैठकीस भिऱ्याच्या हिशेबाने शंभर लिटर पाणी, दहाबारा घागरी. आज घरात येणारी वीज कोठकोठल्या केंद्रांची मिसळलेली असते हे खरे, पण हिशेबाला हे माप सोयीचे आहे. खोलीत शांतपणे ऐकताना कर्ण्याला सरासरी एक वॉटदेखील जात नाही, आणि सामान्य कर्णा त्यातला शेकडा एक भाग आवाजात बदलतो. उरलेले सगळे उष्णता होऊन जाते. शंभर लिटरांतले गाण्याच्या वाट्याला येते ते सुमारे १० मिलिलिटर. दोन चमचे! बाकी पाणी ध्वनिवर्धकाचा पत्रा गरम करण्यात गेले. ज्यांची खाचरे त्या पाण्याखाली गेली त्यांनी हा हिशेब पाहिला तर ते काय म्हणतील, हा विचार मनातून जात नाही. व्हॉल्व्ह टाकून द्या असे मी म्हणत नाही, त्याचा स्वर मलाही आवडतो. पण ज्याला दहा वॉट पुरतात त्याने चाळीस वॉटचे धूड घरात तापवीत बसू नये, आणि ऐकणे संपले की कळ बंद करावी.

कर्णा पारखावा कशावर? दुकानदार तोफांचे आवाज आणि विमाने ऐकवितो. त्याच्याकडे आपला तंबोरा आणि तबला घेऊन जावे, म्हणजे त्यांचे ध्वनिमुद्रण. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की शाईच्या लेपामुळे आपल्या चर्मवाद्यांतून इतर ढोलांसारखे विसंवादी नव्हे, सुसंवादी उपस्वर निघतात. कर्ण्याने हे उपस्वर विस्कटले की तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, आणि डग्ग्याची घुमक लांबवली की मागची मींड हरवते. जवारीचा झंकार तर फारच कडक परीक्षक आहे. गायकाचा आवाज मोठ्या आणि छोट्या शंकूंत विभागला जातो त्या सांध्यावर पुष्कळ महागडे कर्णे फसतात. केवळ ख्यालगायन ऐकणाऱ्यास एकाच शंकूचा, मोठ्या पेटीतला कर्णा अधिक समाधान देईल, मग खर्ज थोडा कमी मिळाला तरी चालेल.

जुन्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. १९२५ पूर्वीच्या भोंग्यापुढे गायिलेल्या मुद्रणांत साधारण २५० ते २५०० कंपनांचाच पट्टा आहे; विजेवरच्या मुद्रणाने तो प्रथम १०० ते ५००० पर्यंत नेला. त्यापलीकडे आहे ती लाखेची खरखर. तेथे वीस हजार कंपनांचा कर्णा घेणे म्हणजे खरखरीचेच कौतुक. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली. साडेतीन मिनिटांची ती तबकडी चांगल्या रेडिओच्या कर्ण्यावर आजही बैठक उभी करते.

आपली ऐकण्याची तऱ्हाही लक्षात घ्यावी. विलायती पुस्तके खुर्चीवरच्या कानाच्या उंचीला कर्णा ठेवावयास सांगतात. आपण गादीवर, लोडाला टेकून बसतो; तेव्हा कर्णा खाली यावयास हवा किंवा तळाशी पाचर घालून पुढून किंचित वर उचलावयास हवा. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती स्वर चिरडतात. सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि जाड पडदा यांनी जे साधते ते आणखी दहा हजार रुपयांच्या तारांनी साधत नाही.

आणि ताम्हिणी, मुळशी, पौड या पट्ट्यात राहणाऱ्यांस एक सूचना. तेथील पावसाळ्यात कागदी शंकू ओल धरून मऊ पडतो, रोहित्राच्या बारीक तारेवर हिरवा गंज चढतो, आणि घाटात वीज कडाडली की विद्युद्वाहिनीतून धक्का येतो. तेव्हा गडगडाट सुरू होताच यंत्राची पिन भिंतीतून काढावी. आषाढ-श्रावणात यंत्र महिनोन्‌महिने झाकून ठेवू नये. आठवड्यातून दोनदा तासभर लावावे, म्हणजे नळ्यांच्याच उबेने आतील दमटपणा जातो. मघाशी वाया गेले म्हटले त्या उष्णतेचा एवढा उपयोग आहे. कर्ण्याला ही ऊब मिळत नाही, म्हणून तो बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवावा. झाकण मात्र स्वतः उघडू नये. आतील संग्राहकांत यंत्र बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात.