बाहेरचा कोण? हौशी डोंगरी सायकल शर्यतीची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, सायकलच्या शर्यतीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देतो. आधी इतिहास पाहू.

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरीन काउंटी लागते. तिथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे आणि जवळच फेअरफॅक्स नावाचं छोटं गाव. १९७० च्या दशकात इथल्या काही तरुणांना एक नाद लागला. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्यातली नावं. यातले बरेचजण डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेणारे. पण डोंगरावर जायला ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, जाड टायरच्या जुन्या सायकली शोधून काढत. श्विन कंपनीची 'एक्सेलसिअर' ही त्यांची लाडकी. तिला ते 'क्लंकर' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत खटारा. अडगळीत पडलेली सायकल आणायची, नको ते भाग काढून टाकायचे आणि वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून सुसाट खाली यायचं.

आता गंमत बघा. सगळे मिळून उतरायला लागले की वाद ठरलेला. रस्ता अरुंद, धूळ उडतेय, पुढचा मागच्याला वाट देत नाही. मग खाली आल्यावर खरा वेगवान कोण? प्रत्येकाचं उत्तर वेगळं! हा वाद मिटवायला त्यांनी घड्याळ आणलं. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. सगळ्यांनी एकदम सुटायचं नाही. एकेकाने ठरावीक अंतराने निघायचं आणि वेळ मोजायची. अंतर साधारण ३.४ किलोमीटर, आणि तेवढ्यात उतार १,३०० फुटांचा. पहिल्या दिवशी ॲलन बाँड्स जिंकला. कारण काय, तर न पडता खाली पोचलेला तो एकटाच!

या शर्यतीचं नाव 'रिपॅक'. त्या सायकलींना उलटं पॅडल मारलं की लागणारा ब्रेक होता, आणि तो मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. एवढ्या उतारावर तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे. खाली आल्यावर हब उघडायचा आणि पुन्हा ग्रीस भरायचं. त्या 'पुन्हा भरण्या'वरून हे नाव पडलं. पुढे फिशरने हे अंतर ४ मिनिटं २२ सेकंदांत कापलं. ब्रीझ त्याच्या मागे फक्त दोन सेकंद. हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आणि सोबतीही.

पण ही झाली उतरण्याची शर्यत. डोंगर चढून, उतरून, रान तुडवत जाणारी शर्यत, जिला 'क्रॉस-कंट्री' म्हणतात, ती कशी आली? त्यासाठी चढता यायला हवं. खटारा वजनदार आणि एकच गिअर, त्यामुळे वर नेताना ढकलत न्या, नाहीतर ट्रकमध्ये टाका. याचं उत्तर मरीनच्या मंडळींना आधीच दिसलेलं होतं. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅलीत एक शर्यत झाली. तिला दक्षिणेकडच्या क्यूपर्टिनो गावातून काहीजण आले, तशाच जाड टायरच्या सायकली घेऊन. फरक एवढाच की त्यांच्या सायकलींना डिरेलर गिअर लावलेले होते. ते लोक पुढे या इतिहासातून जवळजवळ गायबच झाले, पण त्यांची कल्पना राहिली. गिअर आले आणि चढ हा अडथळा न राहता खेळाचा भाग झाला. १९७७ मध्ये ब्रीझने याच कामासाठी नवी सायकल स्वतःच्या हाताने बांधली. आज ती अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

दरम्यान कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूट नावाच्या खाणकामगारांच्या जुन्या गावात वेगळीच गंमत चालली होती. ॲस्पेनहून काही मोटरसायकलवाले पर्ल पास नावाची खिंड ओलांडून आले आणि दारूच्या गुत्त्यात बढाया मारू लागले. गावकरी म्हणाले, आम्ही सायकलीवरून जाऊन दाखवतो. १९७६ च्या सप्टेंबरात ते खरोखर गेले. खिंड जवळपास १२,७०० फूट उंच. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाचे पाचजण या सफरीला आले. त्यांत वेंडी क्रॅग ही बाईही होती. तिने काढलेल्या छायाचित्रांमुळेच आज आपल्याला तो काळ दिसतो. इथे कोणी पहिलं, कोणी दुसरं नव्हतं. सगळ्यांनी खिंड ओलांडणं हीच जीत.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९८३ मध्ये अमेरिकेत या खेळाची संघटना झाली. त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या जंगलात हेवर्ड ते केबल अशी सुमारे ६४ किलोमीटरची हौशी शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी २७ जण होते, आज हजारो येतात. १९९० मध्ये डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, त्यात नेड ओव्हरएंड आणि जुली फुर्टाडो जिंकले. १९९६ मध्ये अटलांटाला क्रॉस-कंट्री ऑलिंपिकमध्ये आली. खटाऱ्यापासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षं!

या प्रवासात एक नियम मला महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या काळात कडक नियम होता की स्पर्धकाने आपली दुरुस्ती आपणच करायची, बाहेरची मदत घ्यायची नाही. पंक्चर झालं, चेन तुटली, तर सोबतच्या सामानावर निभवायचं. नियम उत्तम आहे. तुम्ही डोंगरात आहात, मागे गाडी घेऊन कोणी येणार नाही, हे तो शिकवतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद, जल्प आणि वितंडा. वाद सत्य कळावं म्हणून, जल्प जिंकावं म्हणून, आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं फक्त पाडणं. वाद कोणाशी करावा? गुरू, शिष्य, सहाध्यायी, ज्यांच्या मनात असूया नाही, त्यांच्याशी. मग जल्प कशाला? तर कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं निश्चित झालेलं तत्त्व राखायला. मला रिपॅकची ती पहिली शर्यत म्हणजे शुद्ध वाद वाटते. मी किती वेगवान आहे हे मला एकट्याला कळूच शकत नाही, त्याला तू लागतोस. नियम, संघटना, घड्याळ हे कुंपण. ते हवंच. पण कुंपणालाच पीक समजलं की पंचाईत होते.

हे मी पुस्तकातून शिकलो असं समजू नका. अठराएक वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आम्ही चार मित्रांनी मुळशीच्या बाजूला अशाच एका हौशी शर्यतीत भाग घेतला. पंचवीस किलोमीटर, लाल माती, मधे दोन ओढे. चौघांत सर्वांत तयारीचा माझा एक मित्र. पहाटेच्या फेऱ्यांत त्याला मी एकदाही गाठू शकलो नव्हतो. त्या दिवशी दुसऱ्या ओढ्यानंतर तो वाटेच्या कडेला बसलेला दिसला. ट्यूब फाटलेली, आणि त्याच्या पंपाचा वॉशर गेलेला. माझ्याकडे पंप होता. त्याने मान वर करून पाहिलं. हाक मारली नाही. आणि मी पुढे गेलो.

जाताना मनात काय होतं, सांगू? सकाळीच माइकवरून जाहीर केलं होतं, बाहेरची मदत चालणार नाही. म्हणजे मी तर नियमच पाळत होतो! तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला सबब शोधायला वेळ लागत नाही. मी त्याच्या आधी पोचलो. किती आधी, ते आजही आठवतं, पण सांगणार नाही. तो सायकल ढकलत आला, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

परत येताना गाडीत मला एकच प्रश्न छळत होता. नियमात 'बाहेरची' मदत नको म्हटलंय. पण मग तिथे, त्या ओढ्यापाशी, बाहेरचा कोण होता? तो तर नव्हता, आणि त्याच वाटेवर, तोच चिखल अंगावर घेऊन निघालेला मीही नव्हतो. मीच स्वतःला बाहेरचा करून घेतलं. वाद करायला निघालो आणि जल्प करून आलो.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. 'हौस' हा शब्द मुळात अरबीतून आलेला. हिंदीत 'हवस' होऊन तो लोभाकडे, वासनेकडे झुकला. मराठीने मात्र त्यातला आनंद राखला. हौशी शर्यतीत हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी धावत असतात, आणि कधी कोणता पुढे जाईल याचा नेम नसतो.

त्या श्रोत्यांना उत्तर म्हणून एवढंच सांगतो, की तत्त्वज्ञानातला 'वाद' मी चाळीस वर्षं शिकवला, पण मला तो कळला त्या ओढ्यापाशी. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा भेटलो तेव्हा मी नवा पंप आणून त्याच्या हातात दिला. तो हसून म्हणाला, "तुझा तू ठेव. माझा वॉशर मी बदललाय." अजूनही आम्ही रविवारी जातो, आता सपाट रस्त्याने. दोन्ही पंप मात्र माझ्याच पिशवीत असतात.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.