घोडा शंभर रुबलांचा, पोसणं वेगळं

आज आपल्या किनाऱ्यावर उतरलेल्या एका घोड्याची गोष्ट सांगते. ज्यांच्या दारात शेळी, गाय किंवा म्हैस आहे, त्यांनी नीट ऐका.

साधारण १४६९ साली अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी जहाजाने चौलला आला. आपलं रेवदंडा म्हणजे त्या जुन्या चौलचं समुद्राकडचं अंग. गावात त्याचं स्मारक आहे, ते तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिलं असेल. विकायला म्हणून त्याने एक घोडा सोबत आणला होता. इथे बैल आणि म्हशी होतात, घोडे होत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. त्यामुळे समुद्रापलीकडून आलेल्या घोड्याला इथे मोठी किंमत होती.

जुन्नरपर्यंत पोचेतो तो घोडा त्याला शंभर रुबलांना पडला. तिथल्या खानाने तो हिसकावून घेतला, मोठ्या खटपटीने परत मिळाला. शेवटी बिदरला विकला गेला. तोवर वर्षभर त्याला पोसावं लागलं. त्यावर ६८ फुतुन, म्हणजे तेव्हाची नाणी, खर्च झाली, अशी नोंद त्याने केलीय. घोड्यांना इथे हरभरा घालतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने टिपलंय. खरेदी एकदाच होते, पोसणं रोजचं असतं. या व्यापाऱ्याने दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवला.

आता दुसरा प्रवासी, मार्को पोलो. हा त्याच्याही पावणेदोनशे वर्षं आधीचा. दक्षिणेत तमिळ मुलखातले राजे दरवर्षी हजारो घोडे विकत घेत, पण वर्षअखेर त्यातले शंभरही जिवंत राहत नसत, असं तो लिहितो. कारण घोड्यांची निगा राखणारे जाणकार तिथे नव्हते. आणि घोडे विकणारे व्यापारी सालोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, मुद्दाम तिकडे जाऊ देत नसत. घोडे मेले की नवे विकता येत! राजांकडे पैसा होता, वैद्य नव्हता. म्हणून पैसाही पाण्यात गेला.

आपल्याकडे शिकलेले पशुवैद्य तयार व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. १८८९ साली जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा पुण्यात सुरू झाली, ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. त्या काळी बुळकांडी आली की गोठेच्या गोठे रिकामे होत. लसीच्या जोरावर तो रोग हटला आणि २०११ साली साऱ्या जगातून संपल्याचं जाहीर झालं.

आज आपल्याला सालोत्री शोधत हिंडावं लागत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे. लाळ-खुरकूतची लस सरकारतर्फे फुकट टोचतात. पण जनावर आडवं पडल्यावर रात्री नंबर शोधू नका. डॉक्टर कुठे बसतात, कोणत्या वेळी भेटतात, ते आधीच विचारून गटाच्या वहीत लिहून ठेवा.

पैशाचंही तसंच. बचत गटाचं कर्ज काढून घेतलेली शेळी मेली, तरी हप्ता थांबत नाही. समजा, गटात मिळून २० शेळ्या आहेत. शेळीमागे महिन्याला १० रुपये बाजूला काढले, तर वर्षाला २,४०० रुपये औषधपाण्याला जमतात. विमा घ्यायचा तर कानात बिल्ला हवा आणि जनावर धडधाकट असल्याचा डॉक्टरांचा दाखला हवा. विमा उतरवलेलं जनावर दगावलं, तर पुरण्याआधी विमा कंपनीला आणि डॉक्टरांना कळवा. पंचनामा झाला नाही, तर भरपाई अडते.

पुढच्या बैठकीत कर्जाचा अर्ज लिहिताना शेळीच्या किमतीखाली आणखी एक ओळ घाला: चारा, लस, औषध आणि विमा. निकितीनने परमुलखात हा हिशेब ठेवला. आपल्याला तर तो आपल्याच दारात ठेवायचा आहे.