दानी गाव (बालियेम खोरे)

दानी गाव : न्यू गिनी बेटाच्या इंडोनेशियाकडील भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मी. उंचीवरील बालियेम खोऱ्यात दानी जमातीची वस्ती आहे. रिचर्ड आर्चबोल्ड यांच्या मोहिमेने १९३८ मध्ये खोऱ्याचा ‘शोध’ लावला असे लिहिले जाते. वास्तविक दाट लोकवस्ती आणि नेटकी शेती तेथे आधीपासूनच होती.

गाव म्हणजे कुंपण घातलेल्या वाड्यांचा विखुरलेला समूह. वाडीत गवताने शाकारलेली गोल घरे (होनाई), लांबट स्वयंपाकघर व डुकरांचे खुराडे असते. पुरुषांचे घर वेगळे. स्त्रिया व मुले दुसऱ्या घरांत झोपतात. मुख्य अन्न रताळे. वाफ्यांभोवती खणलेल्या चरांतून जादा पाणी निघून जाते आणि चरांतला गाळ खत म्हणून वाफ्यांवर चढवतात. पोलादी हत्यारे येण्यापूर्वी ही कामे दगडी कुऱ्हाडी व टोकदार काठ्यांनी होत. एवढ्यावरून या लोकांना ‘अश्मयुगीन’ ठरवणे उथळपणाचे आहे. मिठासाठी केळीचे खुंट खाऱ्या झऱ्यात भिजवून, वाळवून जाळतात व ती राख वापरतात. डुक्कर ही खरी संपत्ती : वधूमूल्य, नुकसानभरपाई, अंत्यविधी यांत तिची देवघेव होते. समारंभात मांस व रताळी तापलेल्या दगडांसह खड्ड्यात शिजवतात.

वामेना हे खोऱ्यातील बाजाराचे शहर. तेथे बराचसा माल विमानाने येत असल्याने इंधन व सिमेंट किनाऱ्यापेक्षा फार महाग पडते. दूरच्या गावांतून दवाखाना गाठायला डोंगरवाटांनी पायपीट करावी लागते. २०२२ मध्ये स्थापन झालेला पापुआ पगुनुंगान हा इंडोनेशियातील समुद्रकिनारा नसलेला एकमेव प्रांत असून बालियेम खोरे त्यात मोडते.