कूप वाढला, पण ओल परतली का?

सॅलॅमँडर हा शेपटीवाला उभयचर भारतात पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे सापडतो. महाराष्ट्रात त्याच्यासारखा, जंगलाच्या दमट मातीत राहणारा उभयचर म्हणजे सह्याद्रीतला देवगांडूळ. त्याला पाय नसतात, म्हणून साप समजून तो आजही मारला जातो. लाकूडतोडीच्या इतिहासात मात्र त्याला जागाच नाही, आणि म्हणून तो इतिहास मला अर्धा वाटतो.

जंगलाचा हिशेब आपण नेहमी उभ्या लाकडात केला. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या 'आज्ञापत्र' या मराठी राज्याच्या राजनीतिग्रंथात आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे, रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असा विवेक आहे. तरी तोही झाडांपुरताच. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले पक्की झाली, आणि कुपांची, म्हणजे तोडीसाठी ठरवलेल्या जंगलाच्या तुकड्यांची, आखणी सुरू झाली. ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांत कातकरी मुंबईच्या चुलींसाठी कोळशाच्या भट्ट्या लावत. दोष त्यांचा नव्हता. नफा ठेकेदाराचा आणि भूक शहराची होती. तोडलेल्या खुंटाला धुमारे फुटले, की दप्तरात तो कूप पुन्हा जंगल ठरे. पण ऊन थेट जमिनीवर आले, पाचोळा वाळला, कुजके ओंडके गेले, तर त्याखालच्या जिवांचे काय झाले, हे कोणी पाहिले नाही.

अमेरिकेत ते पाहिले गेले. अ‍ॅपलेशियन डोंगरांतले अनेक सॅलॅमँडर फुप्फुसांविना, ओल्या कातडीनेच श्वास घेतात. संशोधक पेट्रांका आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जुन्या रानाची सरसकट तोडलेल्या रानाशी तुलना केली. जुन्या रानात त्यांना सुमारे पाचपट सॅलॅमँडर मिळाले, आणि संख्या सावरायला ५० ते ७० वर्षे लागतील असा त्यांनी अंदाज केला. अ‍ॅश यांनी १९९७ मध्ये तो २० ते २४ वर्षांवर आणला. वाद गंभीर होता, पण तो सावरण्याच्या मुदतीचा होता. तोडीनंतर संख्या घटते हे दोघांच्याही मोजणीत दिसले.

यावर रास्त आक्षेप असा, की देवगांडुळांना फुप्फुस असते, ते मातीत खोल जातात, आणि केरळात त्यांची एक जात रबराच्या मळ्यांतही भरपूर आढळली आहे. खरे आहे. पण मळ्यात सावली आणि सेंद्रिय ओल टिकते. उघड्या, भाजलेल्या उतारावर टिकत नाही. शिवाय एका जातीचा चिवटपणा सगळ्यांच्या खाती जमा करता येत नाही. खंडाळ्याच्या देवगांडुळाचे शास्त्रीय वर्णन १९६० चे, आंबोलीच्या जातीचे २००३ चे, कोयनेजवळच्या हुंबर्लीच्या जातीचे २००४ चे. कुऱ्हाड त्याआधी शतकभर चालून गेली होती. म्हणजे 'फरक पडला नाही' म्हणायलाही जुनी मोजणी हाती नाही. तुलनेला उरतात त्या कुऱ्हाडीपासून राखलेल्या देवराया: त्यांतली माती आणि शेजारच्या जुन्या कुपातली माती एकाच पावसाळ्यात, एकाच पद्धतीने उकरून पाहिली, तर उत्तराला निदान सुरुवात होईल.